माळ वाढत गेली

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार
ब्राह्मणपुरी

दिवाळीपासून या वहीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं मुळीच नाही. आळस केला, आणि आळसाला वेळ नसल्याचं नाव दिलं. वहीची माफी मागणं वेडेपणाचं आहे, तरी मागते. आज मात्र लिहायलाच हवं. मी आजी झाले.

सोमवारी पहाटे शहाद्याच्या दवाखान्यात काजलला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सातव्या महिन्यापासून इथेच आहे. जावई योगेंद्र सुरतला नोकरीला. त्यांना पुढच्या आठवड्यात सुटी मिळेल. आज दोघांना घरी आणलं.

निघताना डॉक्टर मॅडमनी मला बाजूला घेतलं. काजलचा रक्तगट ओ आहे, बाळाचा बी. अशा वेळी आईच्या रक्तातल्या काही घटकांमुळे बाळाच्या रक्तपेशी जास्त फुटतात आणि कावीळ वाढू शकते. "पुष्कळ बाळं तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळी दिसतात आणि आपोआप बरी होतात. हा त्यातला असेलही. पण मला शुक्रवारी दाखवाच," म्हणाल्या. रंग दिवसाच्या उजेडात पाहायचा. कातडी बोटाने हलकेच दाबायची आणि बोट उचलताना बघायचं. पिवळेपणा चेहऱ्यावरून छातीवर, मग पायांकडे उतरत जातो. दूध ओढेनासा झाला, उठवूनही उठेना, अंग ढिलं किंवा ताठ वाटलं, तर शुक्रवारचीही वाट पाहायची नाही.

घरी आल्यावर मी सगळ्यांना बसवून हे समजावलं. दोनदा. दुसऱ्या वेळी माझे यजमान हेमराज शाळेतल्या मुलांसारखं म्हणाले, "मॅडम, घंटा व्हई गई." सगळे हसले. मीही हसले.

मधल्या खोलीच्या खिडकीवर सासूबाईंनी गोधडी ठोकली आहे. आत एक पिवळा बल्ब. मी म्हटलं, आई, अशा उजेडात रंग कसा कळणार? तर म्हणाल्या, "हवा लागी जाई पोऱ्याले. तू शाळामा पोरेस्ले शिकाड, आठे मी शे." मी वाद घातला नाही. बाळाला सकाळी ओसरीवर नेऊन बघत जाईन.

काजलला पाजायला जमत नाही. मान नीट धरत नाही, घाई करते. मी शेजारी बसून दाखवते आहे. प्रत्येक वेळी जवळ बसायचं ठरवलं आहे, म्हणजे चूक तिथल्या तिथे सुधारता येईल.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

दहावीची प्रात्यक्षिकं. बाहेरचे परीक्षक आलेले, विज्ञानाची शिक्षिका मी एकटी. रजा मागितलीच नाही, मिळाली नसती. हेमराज गाडी घेऊन काजलला आणि बाळाला शहाद्याला घेऊन गेले.

आश्चर्य सासूबाईंचं. ओल्या बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही म्हणणाऱ्या त्या, आणि आज तर पाचवी. पण एका शब्दाने अडवलं नाही. उलट स्वतःच लुगडं बदलून गाडीत जाऊन बसल्या. मी नीट समजावून सांगितलं त्याचा उपयोग झाला म्हणायचा. उगाच आपण माणसांना हट्टी ठरवून मोकळे होतो.

मी शाळेतून आले तेव्हा ते नुकतेच परतले होते.

"एवढा वेळ?"

"गर्दी व्हती," हेमराज म्हणाले.

"मॅडम काय म्हणाल्या?"

"ठीक शे म्हने. कवळं ऊन दाखाडा."

"रक्त तपासलं ना? आकडा किती आला?"

"दहा-बारा कितला तरी. तू काय, मनी बी तोंडी परीक्षा ली ऱ्हायनी का?"

काजल बाळाला घेऊन आत निघून गेली. चेहरा उतरला होता. प्रवासाने असेल.

संध्याकाळी पाचवी पुजली. पाट्यावर हळदकुंकू, पाच दिवे. सासूबाई खूप वेळ हात जोडून बसल्या होत्या. मी स्वतः जायला हवं होतं का, हे मनातून जात नाही. पण तज्ज्ञ माणसाने बघितल्यावर मी बघून वेगळं काय होणार होतं? हाही अहंकारच.


८ फेब्रुवारी, शनिवार

बाळ इतकं शहाणं आहे की नवल वाटतं. रडणं नाही, किरकिर नाही. झोपलं की झोपलं. काजल लहानपणी अख्खी गल्ली जागी ठेवायची. मालिश करायला येणारी रमिलाबाई म्हणाली, "नाक आजोबानं शे, रंग मातर सासरना. सोनासारखा शे पोऱ्या."

घरातलं वातावरणही बदललं आहे. काजलच्या वरणात आजपासून हळद नाही, फोडणी नाही. रमिलाबाईला तेलात हळद घालू नको म्हणून सांगितलं गेलं, आणि सांगणाऱ्या कोण, तर सासूबाई. काजलला उसाचा रस आणून दिला. मी इतकी वर्षं म्हणते, बाळाच्या अंगाला हळद चोळू नका, आज ऐकलं. कुणी मला तसं म्हणून दाखवलं नाही, पण माझी अपेक्षाही नाही.

एक गोष्ट लिहू की नको. मी खोलीत शिरले की बोलणं थांबतं. दोनदा झालं. शेजारच्या जमनाबाई बसल्या होत्या. मला बघून एकदम पपईच्या भावावर बोलायला लागल्या. सुनेबद्दल चाललं असणार. चालू दे.

काजल आता भिंतीकडे तोंड करून पाजते. मी विचारलं, पितोय ना? "हो मम्मी, पितोय." लाजते बहुतेक. म्हणजे जमायला लागलं.

सकाळची शाळा, त्यामुळे उजेडात बघायचं राहिलं. आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आत्ताच निजला, हात लावू नको. बल्बच्या उजेडात कपाळ दाबून पाहिलं. काही कळलं नाही. मॅडमनी काल पाहिलंच आहे.


१० फेब्रुवारी, सोमवार
नंदुरबार, दवाखाना

क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच पुढे खोटं आठवेल.

काल रविवार. सकाळी काजल न्हाणीत होती. बाळ निजलेलं. मी उचललं, ओसरीवर आणलं. उचलताना मान जशी मागे गेली तशी ती जाऊ नये, एवढं कळलं. उन्हात बघितलं. तळपाय पिवळे होते. बोटाने दाबून बघण्याची गरजच नव्हती.

झबल्याच्या गाठी सोडल्या तर आत माळ. हिरव्या काड्यांचे बारीक तुकडे पांढऱ्या दोऱ्यात गाठी मारून ओवलेले, आणि ती माळ गळ्यापासून पार बेंबीपर्यंत.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. घाबरल्या नव्हत्या. आनंदात होत्या.

"दखं का? शुक्रवारले गयाबरोबर व्हती. आते बेंबीलगुन उनी. माळ वाढी ऱ्हायनी, कावीळ उतरी ऱ्हायनी."

मी बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. त्याने डोळे उघडले नाहीत. पुन्हा मारली, तेव्हा रडला. बारीक, टोकदार आवाज, मांजराच्या पिलासारखा, आणि रडताना पाठीची कमान केली.

त्या क्षणी मला एवढंच वाटलं होतं की डॉक्टरांकडून येताना वाटेत यांनी हाही एक सोपस्कार केला. मूर्खपणा, पण घरोघरी होणारा. खरं शहाद्याला कळलं. रविवार असून मॅडम वरच्या घरातून खाली आल्या. बाळाला बघितलं, रक्त घेतलं आणि मला म्हणाल्या, "शुक्रवारी का आणलं नाही? मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली."

मी हेमराजकडे पाहिलं. ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

मॅडमना मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक म्हटलं, माझी प्रात्यक्षिकं होती.

रक्त बदलावं लागू शकतं, ती सोय इथे नाही, ताबडतोब नंदुरबार, असं त्यांनी सांगितलं. प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावरून गाडी निघाली. काजल मागच्या सीटवर बाळाला घेऊन होती आणि मी तिच्या शेजारी, आणि आमच्या दोघींच्या मध्ये माझी पर्स होती. ती मी उचलून बाजूला ठेवली नाही, हे नोंदवून ठेवते.

आता बाळ निळ्या दिव्यांखाली आहे. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. इथले डॉक्टर तरुण आहेत, ओरडत नाहीत. म्हणाले, या प्रकाशाने रक्तातलं पिवळं द्रव्य असं बदलतं की ते शी-शूतून बाहेर पडतं. पण शी-शू व्हायला पोटात दूध जायला हवं, आणि याच्या पोटात फार कमी गेलंय. वजन घटलंय. "हा शांत नव्हता, मावशी. सुस्त होता." द्रव्य फार वाढलं तर मेंदूत शिरतं. तिथे ते काय करतं, तेही त्यांनी सांगितलं. मी लिहिणार नाही.

मी शनिवारी वहीत काय लिहिलं होतं ते आत्ता मागे जाऊन वाचलं. खोडणार नाही.


१० फेब्रुवारी, संध्याकाळ

दुसरं रक्त आलं. आकडा चढलेला नाही. थोडा उतरला आहे. रक्त बदलण्याचं तूर्त थांबवलं. दिवे चालू.


११ फेब्रुवारी, मंगळवार

आज हेमराज डबा घेऊन आले. बाहेरच्या कट्ट्यावर त्यांना बसवून विचारलं. त्यांनी लपवलं नाही. लपवण्याचं काम झालेलं होतं.

गाडी शहाद्यापर्यंत गेली होती. दवाखान्याच्या दारात थांबली होती. तिथे काजल म्हणाली, पप्पा, थांबू नका, पुढे चला. तापीपलीकडच्या एका खेड्यात माळ देणारा म्हातारा आहे. सासूबाईंनी आदल्या दिवशीच माणूस पाठवून विचारून ठेवलं होतं. योगेंद्रच्या आई, पार्वतीबाई, यांचा फोन आलेला. योगेंद्रच्या बहिणीचं बाळ सुरतेला असंच पिवळं पडलं, काचेच्या पेटीत ठेवलं आणि परत आलं नाही. आमच्या घरातलं दुसरं लेकरू पेटीत घालू नका, म्हणून त्या फोनवर रडल्या. काजलने तेच धरलं.

मला हे समजू शकतं. भीती समजू शकते. माळही समजू शकते. मला समजत नाही ते पुढचं. हेमराजला ठाऊक, सासूबाईंना ठाऊक, जावयांना सुरतेत बसून ठाऊक, त्यांच्या आईला ठाऊक. पपईचा भाव सांगणाऱ्या जमनाबाईंना ठाऊक. वरणात हळद का नाही, हे घरात मला सोडून सगळ्यांना ठाऊक, आणि मी इथे लिहीत बसले की माझं ऐकलं. तीन दिवस मी माझ्याच घरात पाहुणीसारखी वावरले, आणि पाहुणीला सांगतात तसं मला 'सगळं ठीक आहे' सांगितलं गेलं.

ती माळ मी रविवारी पर्समध्ये टाकली होती. काल इथल्या खिडकीच्या गजाला अडकवली. आज हेमराजना दाखवली. आणखी चार बोटं लोंबली आहे. काड्या ओल्या असतात तेव्हा गाठी घट्ट बसतात. सुकून बारीक झाल्या की दोरा सैल पडतो आणि माळ लांबते. कुणाच्याही गळ्यात लांबेल.

"बघा," मी म्हटलं, "खिडकीचीही कावीळ उतरली."

त्यांनी माळेचं टोक बोटाने उचलून पाहिलं. मग म्हणाले, "तू बरोबर शेस. तू नेहमीच बरोबर ऱ्हास. म्हनीसन तुले कोनी काही सांगत नही."

आणि रिकामा डबा घेऊन गेले.

हे वाक्य अन्यायाचं आहे. मी ते दिवसभर उलटंपालटं करून पाहिलं. ज्या माणसाने मला तोंडावर आकडा सांगितला, दहा-बारा, जो आकडा अस्तित्वातच नव्हता, त्याला हे बोलण्याचा अधिकार नाही. मी बरोबर असणं हा गुन्हा कसा?

पण एक प्रश्न मलाही विचारला पाहिजे. मला राग कशाचा आहे? बाळाच्या जिवाशी खेळले याचा, की मला फसवलं याचा? प्रामाणिक उत्तर असं की काल पहिला होता. आज आकडा उतरल्यावर दुसरा वर आला आहे, आणि तो मोठा आहे. याची लाज वाटते. तरी तो मोठा आहे.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

आकडा आणखी खाली. बाळ आज हात झाडून रडला, जाड, रागीट आवाजात. वॉर्डातल्या सगळ्या आया हसल्या. काजल रडली.

सिस्टर तिला दूध काढायला शिकवतात आणि वाटी-चमच्याने पाजतात; मधूनमधून अंगावरही घ्यायला देतात. मी शेजारी स्टूल ओढलं तर सिस्टर म्हणाल्या, "आजी, तुम्ही बाहेर बसा. इथे गर्दी नको." एकटी मी, तिला गर्दी म्हणाल्या. पण दवाखान्याचा नियम असतो. बाहेर बसले. आत काय चाललं आहे ते दिसत नव्हतं. असं बसण्याची मला सवय नाही. व्हरांड्यात एक बाई मुलाला घेऊन फेऱ्या मारत होती, तिच्या बाळाचाही चेहरा पिवळसर होता. मी तिला आपणहून सगळं विचारलं, दूध पितो का, उठतो का, पायापर्यंत रंग आहे का. ती म्हणाली, "डॉक्टरनी पाहिलं, ताई. नॉर्मलवाली आहे. घरी जा म्हणाले." मी पुन्हा बाकावर जाऊन बसले.

बऱ्याच वेळाने सिस्टर आल्या. म्हणाल्या, छान ओढलं त्याने.

काजल माझ्याशी बोलते ती कामापुरतं. पाणी दे, टॉवेल दे. मीही कामापुरतं. तिला विचारायचा प्रश्न एकच आहे आणि तो तोंडातून बाहेर पडत नाही. तुझा बाप बदलू शकतो, सासू माझी कधी नव्हतीच, पण तू?


१५ फेब्रुवारी, शनिवार

दवाखान्यातून सुटी मिळाली. दिवे कालच काढले, आज पुन्हा रक्त घेतलं, आकडा परत चढलेला नाही. बाळ जागा असला की डोळे फिरवून बघतो. डॉक्टर म्हणाले, वेळेवर नाही, पण अगदी हाताबाहेर जाण्याआधी आलात. मेंदूला इजा झाल्याची खूण आज दिसत नाही. कानांची तपासणी मात्र करावी लागेल, कारण या काविळीचा घाव आधी ऐकण्यावर बसू शकतो. ती नंतर इथेच होईल. तोवर काही कळणार नाही.

योगेंद्र आले आहेत. माझ्या पाया पडले. "मम्मी, आमचं चुकलं." मी म्हटलं, बाळाच्या दुधाकडे लक्ष द्या. क्षमा केली असं म्हणवलं नाही. केली नाही म्हणून.


१६ फेब्रुवारी, रविवार
ब्राह्मणपुरी

मधल्या खोलीतली गोधडी सकाळी मी काढली. सासूबाईंनी पाहिलं. नंतर बाळाजवळ बसून त्याचे तळपाय हातात घेऊन बघत होत्या, पुन्हा पुन्हा. मी जवळून गेले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मन्हा हेमराज बी पिवळा व्हता. माळवरच बरा व्हयना व्हता." त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. हेमराज बहुधा आपोआप बरे होणाऱ्या बाळांपैकी असतील. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. का सांगितलं नाही, तेही कळलं नाही.

दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. काजल बाळाला घेऊन बसली होती. मी तिच्या शेजारी बसून शेवटी विचारलं.

"पप्पांना भीती वाटली, आजीला वाटली. तुला वाटली, तेही मान्य. पण मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं नसतंस."

"मी ऐकलं नसतं, कारण ते चूक होतं."

"तेच म्हणते ना मी."

मग तिने बाळाचं झबलं खाली ओढलं. म्हणाली, "आणि तो पीत नव्हता, मम्मी. घरी आणलं तेव्हापासूनच. तोंडात धरायचा आणि झोपून जायचा."

"तू तर रोज म्हणायचीस, पितोय."

"तू शेजारी बसलेली असायचीस. मान अशी धर, हात तसा धर. मला घाम फुटायचा. मला वाटायचं मी नापास होतेय. पितोय म्हटलं की तू उठायचीस."

"मी उठावं म्हणून खोटं बोललीस?"

"हो."

तिने हे इतकं सरळ सांगितलं की मला रागावण्याइतकाही वेळ मिळाला नाही. बाळाने डोकं फिरवलं, तोंड उघडं, काहीतरी शोधत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच बसले होते. तिने पदर ओढून घेतला आणि थांबली. बाळ रडायला लागला तरी थांबली.

मला कळायला वेळ लागला. मग उठले आणि ओसरीवर आले.

आत रडणं थांबलं. मी कान देऊन बसले, पण पुढे काही ऐकू येत नव्हतं, आणि आत डोकावून बघायचं नव्हतं. जे विचारल्यावर खोटं सांगितलं गेलं, ते आता विचारायचंही नाही. म्हणजे खरं कळणार तरी कसं? एका बाईच्या बघण्याने दुसरीचं बाळ उपाशी राहतं, हे मला पटत नाही. बाळ तेव्हा आजारीच होता, सुस्ती आजाराची होती. दवाखान्यात प्यायला लागला तो उपचारांनी ताकद आली म्हणून. त्याच वेळी मी बाहेर होते, हा योगायोग असू शकतो. मी अजून यांच्यापैकी कुणालाही माफ केलेलं नाही, आणि काजलला सर्वांत कमी.

उद्या: काजल पाजायला बसली की ओसरीवर जायचं. तिने हाक मारली तरच आत.